लेपाखालचे क्षरण आणि संगणकाचे गणित

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यावर खारे पाणी आले की अधिक क्रियाशील धातू (धनाग्र) झिजतो, दुसरा (ऋणाग्र) वाचतो. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. 1763 च्या तपासणीत लोखंडी खिळे ठिकठिकाणी गंजून गेलेले आढळले. पण पत्र्यांच्या वेष्टणाचा तपकिरी कागद जिथे मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. धातू वेगळे ठेवणाऱ्या थराची किंमत यातून कळली.

गणित यायला बराच काळ गेला. वॅग्नर आणि ट्राउड यांचा मिश्र विभवाचा सिद्धांत 1938 चा. 1950 च्या दशकात वेबर यांनी शेजारशेजारच्या धातुपट्ट्यांसाठी विभवाचे लाप्लास समीकरण सोडवून दाखवले. पण जहाजाच्या तळाचे किंवा बोल्टच्या सांध्याचे आकार कागदावरच्या गणिताला पेलणारे नव्हते. पुढे संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने पाण्याचा सगळा भाग जाळीत विभागता आला. बाउंडरी एलिमेंट पद्धतीत फक्त पृष्ठभागाची जाळी पुरते, म्हणून समुद्रातल्या तेलफलाटांच्या संरक्षणासाठी 1980 च्या दशकात तीच रुळली.

खरी अडचण रंगाच्या थराची. सुरुवातीच्या प्रतिमानांत तो बरेचदा निर्दोष विद्युतरोधक धरला जाई. प्रत्यक्षात त्याला ओरखडे पडतात. धनाग्रावरच्या रंगात 1 चौरस सेंटिमीटरचा ओरखडा आणि समोर 100 चौरस सेंटिमीटर उघडे ऋणाग्र असेल, तर एकूण प्रवाह दोन्हीकडे सारखाच असल्याने ओरखड्यातली प्रवाहघनता ऋणाग्राच्या सरासरीच्या शंभरपट होते. पत्रा तिथेच आरपार जातो. ओलाव्याचा थर पातळ असला की रोध वाढतो, दूरचे ऋणाग्र निष्प्रभ ठरते आणि झीज सांध्यालगत एकवटते.

पुढचा प्रश्न काळाचा. ऋणाग्राशी अल्क साठतो, रंग कडेने सुटतो आणि जाळीचा आकारच बदलत जातो. श्ट्राटमान यांच्या गटाने केल्विन प्रोबने लेपाखालचा विभव स्पर्शाविना मोजला, तेव्हा या सरकत्या सीमेला मोजमापाचा आधार मिळाला. समीकरण कधीच कच्चे नव्हते. कच्चे होते ते ध्रुवीकरणाचे वक्र (विभवानुसार प्रवाह कसा बदलतो ते दाखवणारे) आणि जुन्या होत जाणाऱ्या रंगाचे गुणधर्म. ते मोजल्याशिवाय संगणकाने काढलेल्या विभवाच्या रंगीत नकाशावर विसंबू नये, आणि रंग एकाच धातूला द्यायचा असेल तर तो ऋणाग्राला द्यावा.