सिमेंटचे बैल आणि मागची पावलं

खालापूरजवळच्या कुंभिवलीहून कणेरीला सहल न्यायची असेल, तर शाळेच्या मुलांबरोबर गावातली चार म्हातारी माणसंही गाडीत हवीत. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय म्हणजे सुमारे सात एकरांवर मांडलेलं जुनं गाव. बारा बलुतेदार, शेतकरी, गुरंढोरं मिळून तीनशेच्या वर पुतळे, सगळे सिमेंटचे, खऱ्या मापाचे. कारागिरी अशी की पाय आपोआप थबकतात. पण विहिरीवरची मोट घ्या. बैल धावेवरून खाली उतरले की नाड्यावर ताण येतो, मोट भरून वर येते. मोटेच्या सोंडेला बांधलेला दोर, म्हणजे सोल, खेचलेलाच राहतो, म्हणून सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि पाणी पाटाला लागतं. मग बैलांना मागच्या पावलांनी पुन्हा धाव चढावी लागते, दिवसभर, शेकडो वेळा. मोटेचं सगळं कौशल्य या मागे येण्यात आहे, आणि नेमकं तेवढंच पुतळ्याला दाखवता येत नाही. ते हातवारे करून सांगणारं माणूस शेजारी असलं, तरच मुलांना मोट कळते.

स्टॉकहोममध्ये १८९१ साली आर्टुर हाझेलिउसने उघडलेल्या स्कान्सेनमध्ये कारागीर खरोखर काम करताना दिसतात. तसं इथे का नाही, असं कोणी म्हणेल. रोजची माणसं राखणं खर्चाचं आहे, आणि पुतळा वर्षभर जागेवर असतो, हे मान्य. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बलुतेदारी जातीला बांधलेली होती. १९१५च्या ‘गावगाडा’त त्रिं. ना. आत्र्यांनी तिचे हक्क आणि कुरबुरी दोन्ही नोंदवल्या. १९४८ साली संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाच्या उदात्तीकरणाला स्पष्ट नकार दिला. सिमेंटचं गाव शांत दिसतं, कारण पुतळा तक्रार करत नाही. बलुत्याच्या पेंढीसाठी खळ्यावर ताटकळणं काय होतं, हे घरात ऐकत आलेली माणसं अजून आहेत. सहलीत त्यांनाही बोलू द्यावं. त्याने संग्रहालयाचा मान कमी होत नाही, उलट चित्र पुरं होतं.

शिवाय कणेरीचं गाव देशावरचं आहे. खालापूर-कर्जतच्या मुलांना तिथे राब दिसणार नाही. राब म्हणजे पावसाआधी रोपांच्या वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकेल अशा बेताने पेटवायची. घाईने भडकली तर जमीन नीट भाजत नाही. खैरापासून कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी नाव पडलं, त्यांची भट्टीही तिथे नाही. म्हणून कणेरीहून परतल्यावर त्याच म्हाताऱ्यांना घेऊन उन्हाळ्यात आपल्याच शिवारात दुसरी सहल काढावी. एक वाफा रचावा, मुलांच्या हाताने टहाळ अंथरावेत, आणि वारा कुठून येतोय ते आधी त्यांनाच पाहायला सांगावं.