दाब-फरक इशारा झडप
दाब-फरक इशारा झडप हा द्विमंडल हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या जुन्या मोटारींतील सुरक्षाभाग आहे. १९६८ ते १९७६ या काळात उत्पादित झालेल्या ट्रायम्फ टीआर६ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये ती आढळते. झडपेतील दट्ट्याच्या एका बाजूस पुढील, तर दुसऱ्या बाजूस मागील चाकांच्या ब्रेकचा दाब असतो. एका मंडलातील दाब घटल्यास दट्ट्या त्या बाजूस सरकतो, मधील स्विच दाबला जातो व इशारा-दिवा लागतो.

गळती दुरुस्त झाल्यावरही दट्ट्या तेथेच अडकून दिवा पेटलेला राहू शकतो. अनेकदा केवळ ब्रेकमधील हवा काढतानाही असे घडते. मात्र गळती नसल्याची खात्री होण्यापूर्वी दिवा बंद करण्याचा खटाटोप धोक्याचा ठरतो. स्विचची तार काढूनही दिवा विझला नाही, तर दोष वायरिंगमध्ये असतो.

दट्ट्या मध्यावर आणण्यासाठी आधी स्विच काढतात, अन्यथा त्याचे प्लास्टिकचे टोक तुटू शकते. मग दाब न घटलेल्या मंडलाचा ब्लीड निपल उघडून पेडल सावकाश दाबतात. स्विचच्या छिद्रातून ब्रेक ऑइल पाझरत असल्यास दट्ट्याची सीले निकामी झालेली असतात.