मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला, हे व्हॉट्सॲपला विचारता येतं का?

ज्यांना हेडफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

बावड्यात चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो: "सरकार आपलं व्हॉट्सॲप वाचतंय का रे भावा?" मेसेज वाटेत असताना, नाही. 2016 पासून व्हॉट्सॲपवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते. सरकारची कंपनीवर जी दडपणं आहेत, ती याच किल्लीवरून.

आता कोल्हापूरचंच बघा. जून 2023 मध्ये काही जणांच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून 7 तारखेला बंद झाला, शिवाजी चौकात जमाव जमला, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. स्टेटस मोजक्यांचं, पण नेट गेलं सगळ्यांचं. यूपीआयवर चालणारा भाजीवाला त्यात आला, ऑनलाइन फॉर्म भरणारी पोरंही आली. पण ते स्टेटस कुणाचं, हे कळायला एन्क्रिप्शन तोडावं लागत नाही. स्टेटसवर ठेवणाऱ्याचं नाव असतंच, आणि बघणाऱ्यापैकी कुणीही स्क्रीनशॉट काढू शकतो.

सरकारची मागणी अगदीच हवेतली आहे, असंही मी म्हणणार नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून जगणारे लोक. अफवा मोबाईलवरून पसरली होती. ती कुणी सुरू केली, हे त्यांच्या घरच्यांनी विचारलं तर त्यात चूक काय? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. त्यासाठी कुणाचा मेसेज वाचावा लागला नाही, हे लक्षात ठेवा.

मग फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राचे नवे आयटी नियम आले. 50 लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग ॲपने, आदेश आला तर, मेसेजचा 'पहिला पाठवणारा' सांगायचा. नियमात अटी आहेत: गुन्हा गंभीर हवा, दुसरा सौम्य मार्ग असेल तर हा वापरायचा नाही, आणि मेसेजमधला मजकूर उघड करायला लागणार नाही. कागदावर बरंच सभ्य वाटतं.

गोम अंमलात आहे. समजा पावसाळ्यात कुणी लिहिलं, 'राजाराम बंधारा पाण्याखाली गेला'. उद्या या मेसेजची चौकशी होईल की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही. मग पहिला माणूस सापडायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजचा एक ठसा, म्हणजे हॅश, आधीपासून जपून ठेवावा लागणार. तुमच्या आईने पाठवलेल्या 'जेवलास का' चाही. एका गुन्हेगारासाठी अख्ख्या गावाची हजेरी.

आणि एवढं करूनही तो ठसा कच्चाच. कुणी पुढे 'तातडीचे' हा एक शब्द जोडला की हॅश बदलला. फेसबुकवरून कॉपी करून ग्रुपवर टाकलं तर टाकणाराच 'पहिला' ठरेल. मूळ मेसेज परदेशातून आला असेल, तर नियमानुसार भारतातला पहिला पाठवणाराच मूळ मानायचा. काळजीपोटी फॉरवर्ड करणारा एखादा काका त्यात सहज अडकेल. मुद्दाम आग लावणारा मात्र सिमपासून सगळं बदलून बसलेला असेल.

व्हॉट्सॲप मे 2021 मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2024 मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल. ही कंपनी काही साधुसंत नाही. मजकूर दिसत नसला तरी तुम्ही कुणाशी, किती वेळा बोलता, हा मेटाडेटा तिच्या हाती असतोच. पण या मुद्द्यावर तिचं म्हणणं मला पटतं. 2017 च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय, आणि सगळ्यांचे ठसे घेऊन ठेवणं त्यात बसत नाही.

मग टीव्हीवर चॅट येतात ते कुठून, असं विचाराल. आर्यन खान प्रकरणात चॅट फोनमधून काढले होते. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना म्हटलं की त्या चॅटमध्ये कटाचं काही दिसत नाही. म्हणजे फोन हातात आला की एन्क्रिप्शनचा उपयोग संपतो.

दुसरी फट बॅकअपची. ड्राइव्हवरचा बॅकअप आपोआप तसा कुलूपबंद होत नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. पासवर्ड विसरलात तर व्हॉट्सॲपलाही तो परत देता येत नाही, तेव्हा वहीत लिहून ठेवा. फक्त ती वही फोनच्या कव्हरमध्ये खुपसू नका.