विश्लेषण : हार्वर्डने नाकारलेल्या पॉली मरे ६६व्या वर्षी धर्मगुरू कशा झाल्या?

अमेरिकेच्या टांकसाळीने २०२४ मध्ये २५ सेंटच्या नाण्यावर चष्मा घातलेल्या एका कृष्णवर्णीय महिलेचा चेहरा आणला. त्या पॉली मरे. वकील, प्राध्यापक आणि अखेरीस धर्मगुरू.

कोण होत्या पॉली मरे?

जन्म १९१०, बाल्टिमोर. आई लवकर वारली, म्हणून शिक्षिका असलेल्या मावशीने त्यांना डरहॅममध्ये वाढवले. १९३८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने वर्णामुळे प्रवेश नाकारला. १९४० मध्ये व्हर्जिनियात बसमधील मागची मोडकी जागा घ्यायला नकार दिल्याने अटक झाली. त्या काळात त्या गांधीजींच्या सत्याग्रहाविषयी वाचत होत्या. रोझा पार्क्स यांची बस अजून १५ वर्षे लांब होती!

दहा डॉलरची पैज काय होती?

हॉवर्ड विद्यापीठाच्या कायद्याच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी. वर्णभेदाला कायदेशीर आधार होता १८९६ च्या निकालाचा : ‘वेगळे, पण समान’. सगळे वकील ‘समान’ या शब्दावर भांडत. मरे म्हणाल्या, ‘वेगळे’ यावरच घाव घाला. वर्ग हसला. हा निकाल २५ वर्षांत पडेल, अशी त्यांनी प्राध्यापकांशी पैज लावली. तो दहा वर्षांतच, १९५४ मध्ये पडला आणि लढणाऱ्या वकिलांच्या चमूने मरे यांचा वर्गातला निबंध वापरला होता. हे त्यांना कळले कित्येक वर्षांनी.

१९४४ मध्ये त्या वर्गात पहिल्या आल्या. पहिला येणारा पुढे हार्वर्डला जाई. हार्वर्डने त्यांना मात्र स्त्री म्हणून नकार दिला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे पत्रही कामी आले नाही. वर्ण आणि लिंग अशा या दुहेरी भेदाला त्यांनी ‘जेन क्रो’ हे नाव दिले.

मग चर्च कशासाठी?

श्रद्धा लहानपणापासूनचीच, पण एपिस्कोपल चर्च स्त्रियांना धर्मगुरू करत नसे. १९७३ मध्ये जवळच्या मैत्रिणीच्या अखेरच्या काळात त्यांनीच तिची धार्मिक सोबत केली. त्याच वर्षी ब्रँडाइस विद्यापीठातली कायम नोकरी सोडून त्या धर्मशास्त्र शिकायला गेल्या. वय ६२, आणि चर्चचा नियम तेव्हा बदललेलाही नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे तर ऑफर लेटर नसताना राजीनामा.

नियम १९७६ मध्ये बदलला. ८ जानेवारी १९७७ रोजी मरे या चर्चच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला धर्मगुरू झाल्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी चॅपेल हिलमधील चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी केला. त्यांच्या आजीचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये याच चर्चमध्ये झाला होता, गुलाम मुलगी म्हणून.

नंतरची वर्षे वॉशिंग्टन व बाल्टिमोरमधील लहान मंडळींत गेली. उपासना, प्रवचने, आजाऱ्यांच्या भेटी. १ जुलै १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये चर्चने त्यांना संतांच्या यादीत घेतले.