शिरस्त्राणाची पारख : मोजक्या खर्चात सुरक्षित हेल्मेट कसे निवडावे

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि कामाचा आढावा यांच्याबरोबरच आरोग्याच्या एखाद्या प्रश्नावर माहितीपर लेख देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा हेल्मेट हा विषय घेण्यास एक कारण घडले, आणि ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी रस्ता सुरक्षा सप्ताहाच्या निमित्ताने देणगीदारांच्या साहाय्यातून आम्ही हेल्मेटवाटप केले होते. हाती असलेल्या रकमेत अधिकाधिक कुटुंबांपर्यंत पोहोचावे म्हणून सर्वांत कमी दराची, पांढऱ्या रंगाची अर्धी हेल्मेटे घाऊक भावाने घेतली. पुढे त्यांतीलच एक हेल्मेट आमच्या अपघात कक्षात परत आले. पावसात घाट उतरताना दुचाकी घसरून पडलेल्या एका तरुणाचे ते होते. पट्टा तुटून हेल्मेट रस्त्याच्या कडेला जाऊन पडले होते आणि डोक्याचा मार उघड्या डोक्यालाच बसला होता. तरुण वाचला, पण त्याला पुढील उपचारांसाठी हलवावे लागले आणि त्याचे बोलणे पूर्ववत होण्यास बरेच महिने गेले. त्याच्या आईने ते हेल्मेट आमच्यासमोर ठेवून एवढेच विचारले, ‘‘हे तुम्हीच दिलं होतं ना?’’

आम्ही ते उलटून पाहिले. आत स्पंजाच्या पातळ थराखेरीज काहीही नव्हते. देणगीदारांचा पैसा आणि लोकांचा विश्वास या दोहोंच्या बाबतीत ही चूक आमची होती. खरेदीपूर्वी जी माहिती आम्ही करून घ्यायला हवी होती, ती येथे देत आहोत.

कोयनानगर परिसरात दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. वाड्यावस्त्यांवरून शाळा, दवाखाना, बाजार, पाटणची कचेरी या सर्वांसाठी तीच एक सोय आहे. पश्चिमेस कुंभार्ली घाट, पूर्वेस कराडपर्यंतचा वळणावळणाचा रस्ता, पावसाळ्यात महिनोन्महिने कोसळणारी सर आणि दहा पावलांवरचे न दिसू देणारे धुके, हे येथील वाहनचालकांच्या अंगवळणी पडले आहे. मात्र डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णास मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचवायचे, तर येथून कराड ५० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. शहरात जो वेळ रुग्णाच्या बाजूने असतो तो येथे रस्त्यात जातो. म्हणूनच शहरातल्या माणसापेक्षा आपल्या भागातील माणसाला हेल्मेटाची गरज अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. हेल्मेट न घातल्याने मरण पावलेल्यांची त्यातील नोंद ५०,०२९ आहे. त्यांपैकी १४,३३७ जण मागच्या आसनावर बसलेले होते. हा दुसरा आकडा आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. मागे बसणारी बहुधा पत्नी, आई किंवा शाळकरी मूल असते आणि घरात हेल्मेट असलेच तर एकच असते.

हेल्मेटाच्या उपयोगाविषयी वैद्यकशास्त्राला शंका उरलेली नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यचिकित्सक होते. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अलीकडे, २००८ साली, जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. हेल्मेटामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले.

हे घडते कसे, ते समजले की दुकानात फसगत होत नाही. पुष्कळांचा समज असा, की हेल्मेटाचे कवच जितके कठीण तितके ते चांगले. वास्तविक जीव वाचवणारा भाग आतला असतो. कवचाच्या आत दोन ते चार सेंटिमीटर जाडीचा, थर्माकोलसारखा दिसणारा पण त्याहून घट्ट थर असतो. उभ्या माणसाचे डोके दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर आदळले तर आदळण्याच्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो, आणि त्यासाठी गाडी वेगात असण्याचीही गरज नाही. उघडी कवटी डांबरावर काही मिलिमीटर अंतरातच थांबते आणि तो सारा धक्का मेंदूला बसतो. हेल्मेटातला थर चिरडला जातो, त्यामुळे डोके थांबण्यास काही सेंटिमीटर मिळतात आणि धक्क्याची तीव्रता कित्येक पटींनी घटते. बाहेरचे कवच तो मार एका बिंदूवर न राहू देता पसरवते आणि अणकुचीदार दगड आत शिरू देत नाही. हनुवटीखालचा पट्टा हे सारे डोक्यावर टिकवून धरतो. या तिहींपैकी एक जरी नसले तरी उरलेली दोन निरुपयोगी ठरतात. आम्ही वाटलेल्या हेल्मेटांत पहिले आणि तिसरे नव्हते.

चिरडलेला थर पुन्हा फुगून येत नाही, हेही लक्षात ठेवावे. एकदा मोठा आघात सोसलेले हेल्मेट वरून कितीही धडधाकट दिसो, त्याचे काम संपलेले असते. म्हणून जुने, दुसऱ्याने वापरलेले हेल्मेट स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. त्याचा पूर्वेतिहास कोणी सांगत नाही.

येथे एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. आपल्याकडे धरण आणि वीजप्रकल्पांच्या कामांमुळे पिवळी औद्योगिक हेल्मेटे घरोघरी आहेत आणि ती घालून दुचाकी चालवणारे रोज दिसतात. ती हेल्मेटे वरून पडणाऱ्या वस्तूपासून संरक्षण देण्यासाठी बनवलेली असतात आणि त्यांचे भारतीय मानकही वेगळे, आय.एस. २९२५, आहे. कामावर ती उत्तम. पण बाजूने किंवा मागून बसणाऱ्या माराला ती अडवू शकत नाहीत आणि पडताना डोक्यावर राहतही नाहीत.

दुचाकीच्या हेल्मेटासाठी आय.एस. ४१५१ हे मानक आहे. १ जून २०२१ पासून देशात या मानकाच्या प्रमाणपत्राविना दुचाकीचे हेल्मेट बनवणे वा विकणे कायद्याने मना आहे. तरीही रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडे दोनतीनशे रुपयांत मिळणाऱ्या मालावर आय.एस.आय.चे चिन्ह सर्रास चिकटवलेले आढळते. नुसते चिन्ह पाहून समाधान मानू नये. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की परवाना कोणत्या कारखान्याचा आहे आणि तो चालू आहे की नाही, हे समजते. दोन मिनिटांचे काम आहे. दुकानदार ते करू देण्यास टाळाटाळ करीत असेल तर उत्तर मिळाल्यासारखेच आहे.

खर्चाविषयी. साधे, प्रमाणित हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास मिळते. त्यापुढे वाढणारी किंमत बरीचशी रंग, चित्रे, हवा खेळण्याच्या सोयी आणि हलकेपणा यांची असते. मान्य केलेली किमान चाचणी दोघांनीही पार केलेली असते. त्यामुळे तीन हजारांचे एक घेण्यापेक्षा हजारांची दोन घेऊन मागे बसणाऱ्याचे डोके झाकावे, असा आमचा आग्रह आहे. नवी दुचाकी घेताना मानकानुसार बनवलेले एक हेल्मेट उत्पादकाने द्यावे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. पुष्कळ ग्राहक ते मागतच नाहीत. आम्ही कोणत्याही कंपनीची शिफारस करीत नाही. शेजारच्या बेळगावापासून दूरच्या फरीदाबादपर्यंत देशात चांगली हेल्मेटे बनतात.

पैसे थोडे असतील तेव्हा प्रकाराची निवड महत्त्वाची ठरते. जर्मनीतील अपघातांच्या एका प्रसिद्ध अभ्यासात हेल्मेटावर बसलेल्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागावर आढळले. अर्ध्या हेल्मेटात हा भाग उघडा राहतो. जबडा मोडलेला रुग्ण ज्यांनी आठवडाभर नळीने अन्न घेताना पाहिला आहे, त्यांना अधिक सांगणे नको. म्हणून पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घ्यावे. त्यात उकडते ही तक्रार खरी आहे. कराडच्या उन्हात ती अधिकच खरी. पण आपल्या भागात वर्षातील बराच काळ पाऊस आणि गारवा असतो, तेव्हा तेच हेल्मेट सुखाचे होते. समोरची काच पारदर्शक असावी. काळी काच धुक्यात आणि संध्याकाळनंतर घातक आहे. काचेवर आतून वाफ धरत असेल तर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या मऊ कापडाने पुसावा. चरे पडलेली काच तेवढीच बदलता येते.

माप चुकले तर सर्व व्यर्थ. शिंप्याच्या टेपाने भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून घेर मोजावा. ५८ सेंटिमीटर आले तर हेल्मेटाच्या आत ५८० मिलिमीटर हा आकडा शोधावा. नवे हेल्मेट गालांना दाबणारे हवे. कपाळावर एकाच जागी टोचणारे नको. पट्टा बांधून मागच्या कडेला हात घालून ते पुढे लोटावे. निघून आले तर ते आपले नव्हे. ज्येष्ठ मंडळी टोपी किंवा मफलरवर हेल्मेट चढवतात, त्याने ते सैल बसते आणि पडताना फिरते. स्त्रियांनी अंबाडा मानेजवळ खाली घ्यावा. पट्ट्यात जेमतेम दोन बोटे शिरावीत, आणि घालून पट्टा न बांधणे म्हणजे ते हातात धरल्यासारखेच. चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. वाढत्या मुलासाठी ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठे माप घेऊ नये.

निगा साधी आहे. सौम्य साबणाचे पाणी पुरेसे. पेट्रोल किंवा थिनरने कवच आणि आतला थर दोन्ही खराब होतात. आरशाला टांगून ठेवल्याने आतला थर दबतो. साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे.

अपघातग्रस्ताचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये, मानेच्या मणक्याला इजा असू शकते. श्वास चालू असेल तर काच उघडावी, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि डोके व मान हलू देऊ नये. श्वासासाठी किंवा उलटीमुळे ते काढणे भागच पडले तर एकाने डोके व मान स्थिर धरावी आणि दुसऱ्याने हळूहळू काढावे. ते हेल्मेट रुग्णाबरोबर आमच्याकडे आणावे; मार कोठे आणि किती बसला, हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

आमच्या त्या कार्यक्रमात मिळालेले पांढरे अर्धे हेल्मेट अद्याप ज्यांच्या घरी असेल, त्यांनी ते बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदणी खिडकीवर आणून द्यावे. त्याच्या बदल्यात माप घेऊन प्रमाणित हेल्मेट देण्यात येईल. विश्वस्तांनी यासाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवली आहे आणि तिचा हिशेब पुढील अहवालात देऊ. पहिले बदलून दिलेले हेल्मेट त्या तरुणाच्या आईसाठी होते. ती आता त्याच्या मागे बसून तपासणीसाठी येते.