अरण्याच्या दारी मोजकेच पाहुणे

जे वन सर्वांच्या मालकीचे, त्यात सर्वांनी एकाच वेळी जायचे ठरवले तर वन उरेल काय? अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ईशान्येला असलेल्या ‘सुपीरियर राष्ट्रीय वना’ने या प्रश्नाचे उत्तर कित्येक दशकांच्या वादातून शोधले आहे.

सुमारे ३० लाख एकरांचे हे सरकारी वन १९०९ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी घोषित केले. त्यातील कॅनडाच्या सीमेला भिडलेला सुमारे ११ लाख एकरांचा पट्टा ‘बाउंडरी वॉटर्स’ म्हणून ओळखला जातो. हिमनद्यांनी खडकात कोरलेली हजाराहून अधिक सरोवरे येथे आहेत. भटकंती करायची ती कॅनू या वल्ह्याच्या हलक्या होडीतून. एक सरोवर संपले की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेने पुढचे सरोवर गाठायचे. या वाटांना ‘पोर्टेज’ म्हणतात. त्यांची लांबी आजही ‘रॉड’ या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कॅनूएवढा. ओजिब्वे आदिवासी आणि पुढे फरचे व्यापारी याच जलमार्गांनी ये-जा करीत असत.

मात्र मनात आले आणि निघालो, असे येथे चालत नाही. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामासाठी जाणाऱ्या गटांची रोजची संख्या प्रत्येक प्रवेशस्थानावर ठरलेली असते. एका गटात कमाल नऊ माणसे आणि चार होड्या. काचेच्या बाटल्या व खाद्यपेयांचे पत्र्याचे डबे नेण्यास मनाई. तंबू ठोकायचा तो शेकोटीची लोखंडी जाळी आणि शौचकूप असलेल्या नेमक्या तळावरच. कारण उघड आहे. खडकावरचा मातीचा थर पातळ. एकदा तुडवला गेला की तो भरून येण्यास वर्षे लागतात. शिवाय पाण्यावरून आवाजही दूरवर जातो. म्हणून बंधन दारापाशी आणि आत मोकळीक: एकदा प्रवेश मिळाला की पुढचा मार्ग प्रवाशाने स्वतः ठरवायचा.

ही शिस्त सुखासुखी आलेली नाही. १९४९ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी या भागावर चार हजार फुटांखाली विमाने उडवण्यास बंदी केली आणि विमानाने पाहुणे आणणाऱ्या विश्रामगृहांचा व्यवसाय बुडाला. १९७८ च्या कायद्याने वृक्षतोड थांबली आणि मोटारबोटी ठरावीक सरोवरांपुरत्या उरल्या. त्याआधी १९७७ साली ईली गावातील सुनावणीच्या वेळी, संरक्षणाचा आग्रह धरणारे लेखक सिगर्ड ओल्सन यांचा पुतळा फासावर लटकवण्यात आला होता. ओल्सन त्याच गावचे रहिवासी. विरोधकांच्या रागालाही कारण होते. त्यांच्या पिढ्यांचा रोजगार आणि सरोवरावर मोटारबोटीने जाण्याची सवय पणाला लागली होती.

नियमांनी धोके संपत नाहीत. ४ जुलै १९९९ च्या वादळात या वनातील असंख्य वृक्ष उन्मळून पडले. मे २००७ मधील ‘हॅम लेक’ वणव्याने सीमेच्या दोन्ही बाजूंचे सुमारे ७५ हजार एकर क्षेत्र होरपळले. त्याचे मूळ एका तळावरील शेकोटीत असल्याचे तपासात निष्पन्न झाले. हजारो प्रवाशांनी पाळलेली शिस्त एका ठिणगीने व्यर्थ ठरू शकते.

म्हणूनच परवाना हे केवळ आत जाण्याचे तिकीट नव्हे. आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी प्रवाशालाही तीच शांतता मिळावी, यासाठी आपण थोडे थांबण्यास दिलेली ती संमती आहे.