डाव्या हाताचं काय करायचं?

गणपतीत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा आमचा एक मित्र परवा नव्या पेठेत चहाला भेटला. म्हणाला, "उजवा हात पळतो रे, पण डाव्याला कामच नाही." कारण साधं आहे. तो शिकला हार्मोनियमवर. तिथं डावा हात भात्यावर. कीबोर्डवर आला तेव्हा भाता गेला, हात मोकळा झाला, आणि ऱ्हिदमचं बटण दाबून मांडीवर जाऊन बसला! मी त्याला लुई बँक्स यांचे दोन-तीन व्हिडिओ पाठवले. दोन दिवस रिप्लाय नाही. मग एकच मेसेज : "हा माणूस एकटा नाही, दोघं आहेत."

लुई बँक्स कोण, असं विचाराल तर आधी घरी आई-बाबांना 'मिले सुर मेरा तुम्हारा' आठवतंय का विचारा. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलेलं ते गाणं. पंडित भीमसेन जोशींचा आवाज सगळ्यांना आठवतो. पण इतक्या भाषा, इतके गायक, इतकी वाद्यं एका धाग्यात बांधणारं संगीत संयोजन बँक्स यांचं होतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. संयोजकाचं नशीबच तसलं.

जन्म दार्जिलिंगचा, १९४१ चा. घर नेपाळी, वडील ट्रम्पेट वाजवायचे. वडिलांनी मुलाला लुई आर्मस्ट्राँगचं नाव दिलं, म्हणजे पुढचा रस्ता तेव्हाच ठरला म्हणायचा. वडिलांच्याच बँडमधून वाजवायला सुरुवात झाली, काही काळ काठमांडूच्या हॉटेलात काढला आणि मग कोलकाता. सत्तरच्या दशकात पार्क स्ट्रीटवरच्या 'ब्लू फॉक्स' रेस्टॉरंटमध्ये त्यांचा बँड रोज रात्री वाजायचा. गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस सोबतीला. तिथं त्यांना ऐकायला आर. डी. बर्मन आले आणि 'मुक्ति' (१९७७) या सिनेमाच्या पियानोसाठी त्यांना बोलावून घेतलं. पुढे बँक्स मुंबईकर झाले.

मुंबईत जॅझ त्यांच्याही आधी होतं बरं का. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'त (१९५१) जो धिंगाणा घातला, त्यात गोव्याच्या चिक चॉकलेट यांचा मोठा हात होता. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला तेव्हा गोव्याचे कितीतरी वादक असायचे. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन वाचायला शिकलेले. कागद समोर आला की वाजवायला तयार.

आता ब्लूज म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. बारा बारचं एक आवर्तन. प्रत्येक बारात चार ठोके, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. सा, म आणि प यांच्यावर उभे राहणारे तीन कॉर्ड ठरलेल्या जागी येतात, आवर्तन संपतं, पुन्हा पहिल्या ठोक्यावर. एकताल ऐकलेल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गंमत पुढे आहे. डाव्या हातातल्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो आणि उजवा हात खुशाल कोमल गंधार लावतो. आपल्या गुरुजींनी कान पिळला असता! पण ती जी टोचणी आहे ना, तोच ब्लूज. जॅझमध्ये याच्यावर आणखी कॉर्ड चढतात आणि प्रत्येक वादक आपल्या पाळीला ऐनवेळी सुचेल ते वाजवतो.

पण जॅझवर घर चालतं का? मित्राचा खरा प्रश्न हाच होता. बँक्स यांचं जॅझ चाललं ते दिवसा जिंगल्स करून. साबण, बिस्किटं, काय वाटेल त्याच्या तीस सेकंदांच्या चाली, त्याही ढिगानं. काहींना हे कमीपणाचं वाटेल, मला नाही वाटत. तीस सेकंदांत सुरुवात, मध्य, शेवट बसवणं ही पण तालीमच. याच काळात सिंथेसायझर आला, आणि जिथं व्हायोलिनवाल्यांची रांग बसायची तिथं एक कीबोर्डवाला बसू लागला. कितीतरी वादकांचं काम गेलं. बँक्स कीबोर्डच्या बाजूला होते, हेही खरंच. मात्र त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. कर्नाटक संगीतातल्या गायिका आर. ए. रमामणी यांच्यासोबत फ्यूजन केलं, पुढे शंकर महादेवन, शिवमणी यांच्याबरोबर 'सिल्क' हा बँड केला. २००८ मध्ये 'माइल्स फ्रॉम इंडिया' आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा 'फ्लोटिंग पॉइंट' हे दोन अल्बम आले. दोन्हींत बँक्स वाजले आहेत आणि दोन्हींना ग्रॅमीचं एकाच विभागात नामांकन मिळालं. बक्षीस तिसऱ्याच अल्बमनं नेलं. तेव्हा बँक्स सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांचा मुलगा जिनो ड्रम्स वाजवतो, बापलेक एकाच स्टेजवर असतात.

मित्राला यातलं सगळं पटलं नाही. "मुंबईत जिंगल्स होत्या, इथं काय? लग्नाच्या संगीत-संध्या," म्हणाला. खोटं नाही. पण सध्या तो रोज सकाळी अर्धा तास ऱ्हिदमचं बटण बंद ठेवून बसतो. डाव्या हातानं तीन कॉर्ड, बारा बार, मेट्रोनोम साठवर. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय रे, कीबोर्ड बिघडला का?"